दातात धरायचा टॉर्च

"अहो, तो खायचा नाहीये!"

माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी लगेच जीभ चावली. गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं, हे बाबांनी मला शंभरदा सांगितलंय. पण तुम्हीच सांगा... भर दुपारी एक चांगला इस्त्रीच्या शर्टातला माणूस दुकानात येतो, "खिशात मावेल असा लख्ख टॉर्च दाखवा" म्हणतो, आणि समोर ठेवलेल्या टॉर्चचं बटणसुद्धा न दाबता तो सरळ तोंडात घालतो. तुम्ही काय म्हणाला असता?

टॉर्च दातात तसाच ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे हसत होते. मग मान डावीकडे, मान उजवीकडे, दोन्ही हात पुढे... समोर कुणी उभं असावं आणि हा त्याचं तोंड उघडत असावा, असा सगळा आविर्भाव. झाल्यावर त्यानं टॉर्च बाहेर काढला, रुमालानं नीट पुसला आणि काउंटरवर ठेवला.

"जड आहे. पाच मिनिटांत जबडा दुखेल."

"टॉर्च हातात धरतात," मी म्हणाले.

"हात रिकामे असले तर! माझ्या एका हातात असते वेसण आणि दुसऱ्या हातात खालचा ओठ."

"कुणाचा?" मी विचारलं आणि विचारल्यावर उगाचच लाजले.

"बैलाचा," तो म्हणाला.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. नगरच्या सावेडी भागात आमचं छोटं दुकान होतं. बल्ब, वायरी, होल्डर, आणि मागच्या बाजूला मिक्सर-इस्त्र्यांची दुरुस्ती. बाबा, म्हणजे सहादू वायरमन, नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ते काढलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून दुकानात बसत होते. मला एक खोड आहे. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे बैलाचा ओठ ऐकल्यावर मी या माणसाला इतक्यात सोडणार नव्हते.

त्याचं नाव भीमराज. गाव पुणतांबा. गुरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा झालेला. दर शुक्रवारी तो घोडेगावच्या बाजारात एका कडुलिंबाखाली बसायचा. बैल घेणारे लोक सौद्याआधी जनावर त्याच्याकडे आणायचे, आणि तो दात बघून वय सांगायचा. बाजार पहाटेच भरतो, उजाडेपर्यंत निम्मे सौदे होऊन जातात, म्हणून टॉर्च. शनिवारी तो आपल्या एम-एटी मोपेडवरून औषधं घ्यायला नगरला यायचा.

"हा हलका आहे," मी एक प्लॅस्टिकचा पुढे केला. "पेन्सिल सेलचा. जाकड न्या."

जाकड हा बाबांचा नियम. वस्तू न्या, आठवडाभर वापरून बघा, पटली तर ठेवा, नाही तर परत आणा. तो ऐकून खूश झाला. घोडेगावातही बैल असेच जाकड देतात म्हणे. औताला जुंपून बघायचा, नाही चालला तर व्यापाऱ्यानं मुकाट परत घ्यायचा.

पुढच्या शनिवारी तो प्लॅस्टिकचा टॉर्च परत घेऊन आला. मध्ये तडा.

"कुणी चावला? बैलानं?"

"मीच," तो ओशाळून म्हणाला. "बैलानं मान हिसडली, माझे दात आवळले गेले."

मग सुरू झाले आमचे शनिवार. एका टॉर्चचं बटण ओठाखाली यायचं आणि ऐन वेळी उजेड जायचा. दुसऱ्यात बैलाची लाळ शिरली. तिसरा होता छान, पण उजेड असा पिवळट की त्यात सगळेच दात म्हातारे दिसायचे. दर वेळी मी खोदून खोदून विचारायची, आणि तो दर वेळी हसत सांगायचा. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या कागदावर त्यानं मला बैलाचा जबडा काढून दाखवला. आधी दुधाचे दात, मग दोन, मग चार, मग सहा, आणि आठही आले की बैल जुळला. त्यानंतर दात फक्त झिजत जातात.

"माणसाचं वय कळतं का असं?"

"हसा बरं जरा."

मी हसले नाही. म्हणजे... ठरवलं होतं हसायचं नाही, पण आलंच हसू.

"तेवीस," तो म्हणाला.

"चूक! चोवीस पूर्ण."

"मग अक्कलदाढ मागं राहिलेली दिसते."

"माझी की तुमची?"

बाबा मागून खोकले. मी लगेच होल्डर मोजायला घेतले.

एकदा मी त्याला विचारलं, "एवढं काय नडलंय? चालतोय तसा टॉर्च घ्या की."

तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "बाजारात माझ्याकडे दुसरं काही नाही, शुभांगी. व्यापाऱ्यांकडे जनावरं आहेत, ओळखी आहेत. माझ्याकडे फक्त माझा शब्द. मी सहा दात म्हणालो की समोरचा सहा धरतो. तो एकदा खोटा पडला, की परत कोण येणार त्या झाडाखाली?"

त्यानं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती, आणि माझं पुढच्या वाक्यांकडे लक्षच नव्हतं. ते असायला हवं होतं.

शेवटी मी किंमत त्याला सांगून एक टॉर्च मुंबईहून मागवला, आणि दसऱ्याच्या आधी मालाचं खोकं आलं. त्यात होता तो. काळ्या अॅल्युमिनियमचा, माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडासाच लांब. बटणच नाही, पुढचं डोकं पिळलं की लागायचा. जोडावर रबराची रिंग, म्हणजे लाळ आत जायची सोय नाही. मी मागच्या खोलीत गेले, आरशासमोर उभी राहिले आणि तो दातात धरला. अजिबात जड नाही. पांढरा स्वच्छ उजेड सरळ आरशात गेला आणि माझ्याच डोळ्यांसमोर काजवे चमकले. हाच तो, यात शंकाच नव्हती. एवढी धडपड करून शोधलेली वस्तू हाती आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता.

पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. हा मिळाला की तो येणार कशाला?

मी तो टॉर्च खालच्या ड्रॉवरमध्ये, फ्यूज वायरच्या रिळांमागे ठेवून दिला.

"आला का मुंबईचा माल?" शनिवारी त्यानं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. तोवर तो पिवळट उजेडाचाच वापरत होता. पुढच्या शनिवारीही मी तेच सांगितलं. दोन्ही वेळा तो तासभर थांबला, चहा प्यायला, आणि मी आठवडाभर त्या तासावर जगले. मनाला टोचत नव्हतं असं नाही. पण ते टोचणं मी दर वेळी पुढच्या शनिवारवर ढकलत होते.

तिसऱ्या शनिवारी तो आला तो मान खाली घालून.

"बनुबाई म्हणून आहेत एक," तो सांगू लागला. "एकट्याच शेती करतात. मागच्या महिन्यात एक बैल गेला त्यांचा. काल पहाटे त्यांनी मला एक बैल दाखवला. मी सांगितलं सहा दात, तरणा आहे, घ्या बिनधास्त. संध्याकाळी औताला जुंपला, तर दोन फेऱ्यांत बसला. मी रात्रीच वस्तीवर जाऊन बघून आलो. दातांचा आकार बघता म्हातारा वाटतोय. कडेचे दोन घासून दुधाच्या दातांएवढे केलेत आणि बाकीचे कानशीनं नवे, असा मला संशय आहे. पण त्या पिवळ्या उजेडात मला खात्रीनं सांगता येईना, आणि व्यापारी म्हणतो, तुमच्याच डॉक्टरनं पास केलाय, आता परत कसला घेऊ?" तो थांबला. "शुक्रवारपर्यंत जाकड आहे. त्यानंतर तो बैल त्यांच्या गळ्यात."

मी खाली वाकले, ड्रॉवर उघडला आणि तो काळा टॉर्च त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं डोकं पिळलं. उजेड समोरच्या भिंतीवर पडला.

"कधी आला?"

"तीन आठवडे झाले."

"आणि... का?"

बाबा मागे इस्त्री उघडून बसले होते. मी फ्यूज वायरची रिळं परत ड्रॉवरमध्ये लावू लागले. त्यानं टॉर्च खिशात घातला, ठरलेली किंमत काउंटरवर ठेवली आणि पाठ फिरवून निघून गेला. जाकड म्हणालाही नाही.

शुक्रवारी सकाळी मी बाबांना सांगितलं की मी घोडेगावला जातेय, माझ्या हातून एक चूक झालीय. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "सातची एसटी घे. नंतरची भरून येते."

बाजारात त्याला शोधायला वेळ लागला नाही. कडुलिंबाखाली ही गर्दी. ढगाळ हवा, झाडाची दाट सावली, मधोमध तो बैल. भीमराज टॉर्च दातात धरून वाकला होता. एका बाजूला पांढऱ्या टोपीतला व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला कंबरेला पदर खोचलेली बनुबाई.

"कुठाय कानस? दावा की!" व्यापारी ओरडत होता. "चारा खाऊन झिजल्यात ते. आन् तुमीच म्हनला हुता ना सहा दात?"

"आवं, डाक्टरनं बगितला म्हून म्या घेतला," बनुबाई म्हणाली. "आता तेच म्हनत्यात चुकलो, तर लपवत तर न्हाईत ना तुमच्यावानी!"

मी गर्दीतून पुढे झाले. त्याच्या तोंडात टॉर्च होता, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं मला पाहिलं आणि नजर पुन्हा बैलाकडे वळवली. उजेड सरळ समोरून दातांवर पडत होता आणि सगळे दात गुळगुळीत चमकत होते.

माझ्या एकदम लक्षात आलं. "समोरून नको!" मी म्हणाले. "समोरून ओरखडे दिसणार नाहीत. उजेड आडवा यायला हवा, बाजूनं."

त्यानं मान वाकडी करून पाहिली, पण टॉर्च दातात असताना तेवढा आडवा होईना. मी हात पुढे केला. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग दात सैल केले. ओला टॉर्च माझ्या तळहातावर आला.

"ओठ तुम्ही धरा," मी म्हणाले. "उजेड मी धरते."

मी गुडघ्यावर बसले आणि टॉर्च बैलाच्या गालाला टेकवून आडवा धरला. बैलाचा गरम श्वास माझ्या मनगटावर येत होता. दातांवर लगेच रेघा उमटल्या. बारीक, सरळ, एकासारख्या एक. समोरच्या चारही दातांवर.

"बघा," भीमराज व्यापाऱ्याला म्हणाला. "या, वाका, बघा."

लोक एकेक करून वाकले. बनुबाई सगळ्यात शेवटी वाकली, नीट बघितलं आणि उभी राहिली.

"चारा काय पट्टी ठिवून दात घासतो व्हय रं?"

हशा पिकला. व्यापाऱ्यानं टोपी सारखी केली आणि बैलाची वेसण हातात घेतली. बनुबाईचा सौदा मोडला, आणि आता दुसरा बैल बघायला ती भीमराजलाच ओढत घेऊन गेली.

तासाभरानं तो चहाचे दोन ग्लास घेऊन आला. मी झाडाखालीच उभी होते.

"का लपवला, ते अजून सांगितलं नाही."

"तुम्ही यायचं थांबाल म्हणून," मी म्हणाले. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. "मला तुमची सवय झालीय. सवय नाही... तुम्ही आवडता मला. शनिवारी तुम्ही आला नाहीत तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं."

त्यानं एक ग्लास माझ्या हातात दिला.

"माझा राग गेलेला नाही," तो हळूच म्हणाला.

"माहितीये."

"टॉर्च मात्र एकदम बरोबर आहे. आता दुकानातून मला काही लागेल, असं वाटत नाही."

मी हो म्हणाले. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकवून बसले आणि वाटेतलं पांढरीपूल येईपर्यंत डोळे पुसत राहिले.

पहिला शनिवार गेला. दुसराही गेला. मी होल्डर मोजले, बल्ब मोजले, रस्त्यावरची प्रत्येक एम-एटी पुढे निघून जाईपर्यंत बघितली. मग बघायचं सोडून दिलं.

आणि बुधवारी, भुरभुर पाऊस चालू असताना, तो दारात उभा राहिला. बुधवारी! ना बाजाराचा दिवस, ना औषधांचा. काउंटरवर बाबा होते. मी मागे मिक्सर उघडून बसले होते.

"जय भीम, काका."

"जय भीम. या. टॉर्च बिघडला का?"

"नाही. झकास चालतो."

"सेल पाहिजेत?"

"आहेत."

"मग काय देऊ?"

"काही नको, काका." "आज काहीही घ्यायचं नाहीये. शुभांगीला भेटायला आलोय. तुमची हरकत नसेल तर."

बाबांनी चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. ते बाजूला सरकले.

मी पुढे आले. हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच. त्याचे केस भिजून कपाळाला चिकटले होते.

"राग गेला?" मी विचारलं.

"निम्मा."

"आणि उरलेला?"

"तो जायला वेळ लागेल," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत आता हसू मावत नव्हतं. "त्यासाठी रोज यावं लागेलसं दिसतंय."

"रोज?" मी स्क्रू ड्रायव्हर काउंटरवर ठेवला. "दुकान... सोमवारी बंद असतं."

"मग सोमवारी घरी येतो," तो म्हणाला. "आईला घेऊन."

बाबा हातातली वायर गुंडाळता गुंडाळता थांबले. बाहेर पाऊस पडत होता. एरवी दहा प्रश्न विचारल्याशिवाय न राहणाऱ्या मला त्या दिवशी एकही प्रश्न सुचला नाही.

"या," मी म्हणाले.