तक्त्यावरची शेवटची ओळ

चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या खोलीत ती लोकांचे नंबर काढायची. एक खुर्ची, लेन्सची पेटी, समोरच्या भिंतीवर दिव्याचा चौकोनी डबा आणि त्यावर अक्षरांचा तक्ता. शेवटच्या ओळीत सात सुटी अक्षरं. चौदा वर्षांत ती ओळ तिला नको इतकी पाठ झाली होती. गिऱ्हाइकं मात्र तिथे पोचली की परीक्षेला बसल्यासारखी चुळबुळायची. काही पठ्ठे तर बाहेरूनच पाठ करून यायचे. असं सगळं ती घरी जाऊन ब्लॉगवर लिहायची.

लिहिणं हातचा मळ होता, पोस्ट करणं जिवावर यायचं. बटणाकडे नेलेलं बोट ती तीनतीनदा मागे घ्यायची. दूर देशातली एक बेकरीवाली तिची ब्लॉगमैत्रीण होती. ती म्हणायची, "पोस्ट टाकताना मी आईचा फोटो पालथा घालते." हिची पंचाईत अशी, की आईच्या मागे हिला वाढवणारी ताई चांगली जिवंत होती आणि ब्लॉगची पहिली वाचकही तीच. दर पोस्टनंतर ताईचा फोन ठरलेला. "छान लिहिलंस. पण काकांचं ते लिहायला नको होतंस."

आता ताईची नजर जात चालली होती. डोळ्याचा पडदा खराब झाला होता, यायला उशीर झाला म्हणून डॉक्टरांनी हात टेकले होते.

त्या आठवड्यात तिने दोन वाक्यं लिहिली. 'ताईला आता माझं वाचता येणार नाही. हे कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.' यापुढचं, खरं तर मुळातलं, वाक्य टाइप करायला बोटं धजावेनात. होतं तेवढंही तिने पोस्ट केलं नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती. आणि वाचक याची किती वाहवा करतील, हे मन चोरून जोखत होतं, त्याची तर जास्तच.

सोमवारी एक निवृत्त पोस्टमन खुर्चीत बसले. शेवटच्या ओळीपाशी डोळे बारीक करून म्हणाले, "सु... ट... ल्या..."

"नीट बघा काका. तिथे जोडाक्षर नाहीये."

"मला तर दिसतंय बाई."

तिने लेन्स बदलली, तेव्हा त्यांनी सातही अक्षरं मुकाट्याने बरोबर वाचली.

बुधवारी शाळेची बस चालवणाऱ्या बाई आल्या. सगळ्या ओळी त्यांनी धडाधड वाचल्या आणि शेवटी म्हणाल्या, "वाचता येणार नाही."

"ठीक आहे, राहू द्या ती ओळ."

"अहो, तसं लिहिलंय तिथे." बाई वळून तिच्याकडे बघत राहिल्या. "घरातलं असं भिंतीवर कशाला लावता?"

तिचे कान तापले. दुपारी तिने मोबाइलवर ब्लॉग उघडून ती दोन्ही वाक्यं पुसून टाकली. तक्ता उतरवून डबा उघडला. आत एक ट्यूब होती आणि धूळ.

शनिवारी ताई आली. कुठल्याशा अर्जाला नोंद हवी म्हणून तपासायचं, एवढंच. मागच्या महिन्यात तिला वरचं थोरलं अक्षरही दिसलं नव्हतं. चाचपडत ती खुर्चीत बसली आणि डावा डोळा काळ्या चकतीने झाकला.

"काही दिसतंय का गं?"

"दिसतंय की." वर्तमानपत्र वाचावं तसं ताईने वाचलं, "ताईला आता माझं वाचता येणार नाही."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं तिला झालं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय काय? समोर आहे." ताईचा आवाज नेहमीचाच होता. "हे कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं."

ती दिवा बंद करायला भिंतीकडे धावली. बटणावर हात गेला तेव्हा कळलं, दिवा तिने अजून लावलाच नव्हता.

"ताई, पुरे."

"थांब गं. खाली आणखी एक ओळ आहे. बारीक आहे." ताईने मान जराशी पुढे केली. "मागच्या वर्षी ताईचे डोळे तपासताना मला काहीतरी बिघडलेलं दिसलं होतं. मी कार्डावर 'ठीक आहे' असं लिहिलं."

हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं.

शरमेने तिची मान वर होईना. ताईने चकती काढली, दुसऱ्या डोळ्यावर धरली आणि खुर्चीत ताठ बसली.

"आता या डोळ्याने वाचते," ती म्हणाली.