हे बरं, की हे?

मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "खोडरबर आहे का?"

प्रेमकथेला ही सुरुवात शोभत नाही, मान्य आहे. पण रविवारची सकाळ होती, एका क्लासवाल्यांची फुकट सराव परीक्षा चालू होती, आणि माझं खोडरबर खोडून खोडून संपलं होतं. बाकांमधून फिरणारा, निळा टाय लावलेला पर्यवेक्षक थांबला. त्याने खिसे चाचपले, स्वतःचं नवंकोरं खोडरबर काढलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं – आणि मधोमध मोडून अर्धं माझ्या बाकावर ठेवलं.

"अख्खं नाही मिळत?" मी कुजबुजले.

"परीक्षा फुकट आहे," तोही तितक्याच हळू म्हणाला. "खोडरबर नाही."

पुढचा प्रश्न मी तीनदा वाचला. हसू आवरत प्रश्न वाचता येत नाही.

काकांचं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या अंधाऱ्या खोलीत ते डोळे तपासतात आणि मी त्यांच्या हाताखाली भिंगं बदलायला असते. आता काका थकलेत. "पोरी, ही खुर्ची तुझीच," ते म्हणतात, "पण रीतसर कोर्स कर. त्याशिवाय कुणाच्या डोळ्यांना हात लावू देणार नाही." कोर्सला प्रवेश परीक्षा. यंदा नाही जमलं, तर खोली दुसऱ्या कुणाला द्यायची, असं ठरलं होतं. तसा एक माणूस येऊन खोली बघूनही गेला होता. मी अभ्यास करत होते, आणि जिथे फुकट परीक्षा दिसेल तिथे जाऊन बसत होते. "फुकट ते पौष्टिक," वहिनी म्हणायची.

त्या प्रवेश परीक्षेत, आणि म्हणून सरावातही, एक मेख होती. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. या पाव गुणाने माझी झोप उडवली होती. मी गोल रंगवायचे, त्याच्याकडे बघत बसायचे, मनात पाल चुकचुकायची… आणि खोडायचे.

पेपर संपला की त्या क्लासमधले पर्यवेक्षक लगेच सल्लागार होत आणि एकेका परीक्षार्थीला टेबलापाशी बोलावत. मला निळ्या टायने बोलावलं.

"घाबरू नका, पण…" त्याने पाठ केलेलं सुरू केलं.

"त्या 'पण'च्या पुढे फी किती?"

त्याला ठसका लागला. "तीन महिन्यांचा वर्ग आहे आमचा."

"आणि गुण?"

गुण सांगण्याआधी त्याने टाय सैल केला. त्यावरूनच मी काय ते समजले.

"मी नाही घाबरले," मी धडधडीत खोटं बोलले.

"मग पुढच्या रविवारी या. फुकटच आहे." मग जरा थांबून, टेबलाकडे बघत – "उरलेलं अर्धं खोडरबर माझ्याकडे आहे. लागलंच तर…"

पुढच्या रविवारी मी गेले. त्याच्या पुढच्याही. बाकीच्या क्लासच्या फुकट परीक्षा हळूहळू सुटल्या, ही मात्र सुटली नाही.

"नेमकी तिथेच का गं?" वहिनीने विचारलं. "पेपर चांगला असतो?"

"हो, पेपर."

"आणि टाय?"

मी उशी फेकून मारली.

पण गुण काही वर येईनात. उलट दर खेपेला खालीच. एका रविवारी ते इतके कमी आले, की मला त्याच्यासमोरच भरून आलं.

"मी आता नाही येणार," मी उठत म्हणाले. "खऱ्या परीक्षेलाही नाही बसणार. काकांना सांगते, द्या त्या माणसाला खोली."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मागच्या काचेच्या केबिनमधून संचालक बघत होते. "घाबरू नका, पण…" एवढंच तो म्हणाला आणि अडखळला. मी वळूनही पाहिलं नाही. घरी येऊन काकांना निर्णय सांगितला. ते चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.

दोन दिवसांनी दुपारी दुकानाचं दार उघडलं. टाय. त्याच्या वर घाबरलेला चेहरा. हातात चिठ्ठी, तिच्यावर मी परीक्षेच्या फॉर्मवर लिहिलेला पत्ता.

"बाहेर पाटी आहे," तो म्हणाला, "मोफत नेत्रतपासणी."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना अचानक चहाची तल्लफ आली. "तू भिंगं लावून बघ, मी आलोच," म्हणून ते बाहेर पडले. आयुष्यात त्यांनी मला एकटीने कधी तपासू दिलं नव्हतं.

तपासणीची ती जड, गोल चौकट डोळ्यांवर चढली की भलेभले घुबडासारखे दिसतात. तोही दिसला. मला हसू आलं, पण मी रागावलेली होते.

"शेवटची ओळ बघा. हे बरं…" मी भिंग बदललं, "की हे?"

"चुकलं तर किती वजा?"

"इथे चूक नसते. दिसेल ते सांगायचं." मग मला राहवेना. "आमची तपासणी फुकट असली तरी नंबर खरा निघतो. चष्मा खपवायला आम्ही कुणाची नजर अधू ठरवत नाही."

मी आपला अंधारात दगड मारला होता. तो नेमका लागला. चौकटीआडचे डोळे खाली गेले.

"आम्ही ठरवतो," तो म्हणाला. "आमचा पेपर मुद्दाम अवघड काढतात. खऱ्या परीक्षेपेक्षा कितीतरी. दर रविवारी आदल्यापेक्षा जास्त. माणूस घाबरला की फी भरतो… मला हे परवाच सांगायचं होतं. नाही जमलं."

"म्हणजे मी उगाच रडले?" माझा आवाज चढला. "एवढे रविवार फुकट घालवले?"

"फुकट नाही गेले. पेपर लबाड होता, तुमचं बसणं खरं होतं. सुरुवातीला तुमचा पेपर वेळेत संपत नव्हता, आता संपतो. तेवढं आमच्याकडून घ्या आणि गुण तिथेच फेकून द्या. आणि अजून एक…" त्याने मान वर केली. "मी तुमच्या मागून फिरतो. तुम्ही बरोबर उत्तर रंगवता आणि मग ते खोडता. दर वेळी! माझा जीव तुटतो. ओरडून सांगावंसं वाटतं, बाई गं, राहू दे ना ते!"

मी हातातलं भिंग उगीचच पुसत राहिले. कुणीतरी आपल्या चुका इतक्या मायेने पाहिल्या होत्या, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. राग कुठे गेला, कळलंच नाही.

तपासणी पुरी केली. "नंबर शून्य," मी म्हणाले. "नजर ठणठणीत आहे. मग आलात कशाला?"

तो नुसताच बघत राहिला. ओठ हलले… आणि मिटले.

"कोरं सोडलंत," मी म्हणाले.

"पाव गुणाची भीती," तो म्हणाला. माझे कान तापले. अंधाऱ्या खोलीचा हा एक फायदा असतो.

काका परतले तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणाले, "खोली बघून गेलेल्या त्या माणसाला जरा थांबायला सांगा."

परीक्षेच्या दिवशी तो केंद्राच्या फाटकाशी उभा होता, हात पुढे करून.

"माझं अर्धं खोडरबर परत द्या."

"आज? आजच?"

"आजच."

मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने मूठ मिटली, त्यात माझी बोटंही आली… घंटा झाली नसती तर ती तिथेच राहिली असती. आत गेल्यावर माझा हात सवयीने खोडरबर शोधायचा. ते नसायचं. मग रंगवलेलं तसंच राहायचं, आणि मी पुढे जायचे.

निकाल लागला. नाव फार वर नव्हतं, पण होतं! वहिनीने मला गरागरा फिरवलं. काकांच्या डोळ्यांत कचरा गेला, असं ते म्हणाले. "तुझा कोर्स होईपर्यंत मी ही खुर्ची धरून बसतो," म्हणाले, आणि लगेच फोन करून त्या माणसाला नाही म्हणून कळवलं.

संध्याकाळी तो आला. गळ्यात टाय नव्हता. दरम्यान त्याने भर वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की हा पेपर अवघड केलेला आहे, गुणांवर जाऊ नका. त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं. आता तो एका शाळेत गणित शिकवत होता आणि आधीपेक्षा बरा दिसत होता.

"डोळे परत तपासायचेत," तो म्हणाला.

"शून्याचं काय तपासायचं?"

"मोफत आहे ना?"

मी चौकट चढवली. काका बाहेर काउंटरवर काचा पुसत होते. मी एक भिंग लावलं, काढलं, दुसरं लावलं. "हे बरं, की हे?"

तो तक्त्याकडे बघतच नव्हता. त्या दोन गोल काचांमधून सरळ माझ्याकडे बघत होता.

"ही," तो म्हणाला.

 मग बाहेरून काकांचा आवाज आला. "अहो मास्तर, भिंग ते असतं! 'हे' म्हणा, 'हे'! व्याकरण चुकलं!"

त्याचा चेहरा गोरामोरा झाला. हात चौकटीकडे गेला. "चुकलं का?" त्याने अगदी हळू विचारलं.

मी त्याचा हात धरला आणि खाली घेतला.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "खोडू नकोस."