रिकाम्या घरातला चिंचोका

डोळे मिटा बरं, बाळांनो. सणसरचा थांबा आहे. बारामतीकडं निघालेली एसटी गच्च भरलीय. खिडकीशी शेळगावचा ज्ञानेश बसलाय. मांडीवर तळहाताएवढी लाकडी फळी, तिला चार खळगे, प्रत्येकात दोन चिंचोके. थांब्यावर चढलेली उत्कर्षा त्याच्या शेजारी उरलेल्या एकमेव जागेवर टेकते...

“कॉलेजला निघालास का अंगणवाडीला?”

“आज्ज्याच्या फळीला चौदा खळगे व्हते. मी चारच कोरले. बारामतीपर्यंत डाव संपतो.”

“आन् न्हाय संपला तर?”

“तर उद्या हितंच बस.”

ती रोज बसू लागली. दोन खळगे, म्हणजे दोन घरं तिची, दोन त्याची. आपल्या घरातले चिंचोके उचलायचे, पुढं एकेक पेरत जायचं. शेवटचा चिंचोका पडेल त्या घरात जोडी जमली की ती आपली. ज्ञानेशचा एक लाडका नियम होता — समोरच्याची घरं रिकामी पडली, तर आपला चिंचोका तिकडं पोचवायचा. “कुणाला उपाशी ठेवायचं न्हाय!”

शेवटच्या पेपरच्या दिवशी तिची दोन्ही घरं रिकामी पडली. त्याच्या दोन्ही घरांत मात्र एकेक चिंचोका होता.

“रविवारी मला बघायला येत्यात... इंदापूरची माणसं,” बाहेरच्या उसाकडं बघत ती म्हणाली. “त्याआधी तू मागणी घालायला आलास, तर आबा माझं ऐकतील.”

ज्ञानेशला तिच्या वडिलांची, आबांची करडी नजर आठवली. त्यानं चिंचोका उचलला आणि — आपल्याच दुसऱ्या घरात टाकला.

“नियम तुझाच हाय ना रं?”

तिनं फळी चिंचोक्यांसकट पिशवीत टाकली आणि उतरून गेली. रविवारी तो घराबाहेर पडलाच नाही.

आठ वर्षांनी इंदापूरच्या स्टँडवर ज्ञानेश एका बाकावर टेकला, तर शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. पुढ्यात तीच फळी, कडा झिजलेली.

“काका, खेळता? आई चौकशीला गेलीय.”

चौकशीच्या खिडकीशी उभ्या उत्कर्षानं वळून पाहिलं. ओळखीच्या कुणाकडंही बघावं तसं पाहिलं, आणि मान फिरवली.

ज्ञानेशची घरं रिकामी झाली. तो उठू लागला. “जिंकलीस बाळा.”

“बसा की! तुमास्नी उपाशी सोडलं तर आई रागावंल.” तिनं आपला चिंचोका त्याच्या घरात पेरला. “हं, खेळा.”

त्यानं हात पुढं केला...

“प्रगती, गाडी लागली!”

पोरीनं फळी आणि सगळे चिंचोके भराभरा पिशवीत लोटले, त्याच्या घरातलासुद्धा, आणि आईकडं पळाली.