हाताला चव

बसमध्ये तिच्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर एक बरणी होती आणि ती हळूहळू फुगत होती. तोंडावर बांधलेलं फडकं आधी टम्म झालं, मग दोरा सैलावला... आणि एका वळणावर बस कलली, तसा त्यातला पांढरट, बुडबुडणारा चिकट गोळा थेट तिच्या बाहीवर उतरला.

"माफ करा... उन्हामुळे जरा चढलंय ते," तो ओशाळून म्हणाला.

दुसरी कुणी असती तर त्याची बिनपाण्याने केली असती. हिने बाहीवरचा गोळा बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग विचारलं, "किती वर्षांचं आहे हे?"

"माझ्यापेक्षा मोठं. आजोबांनी लावलेलं पावाचं आंबवण आहे."

त्याची बेकरी होती. भट्टीची दुरुस्ती चालू होती, म्हणून तो आंबवण घरी नेत होता. रोज पीठ-पाणी मिळालं नाही तर ते रुसतं, असं त्याने एखाद्या लाडावलेल्या पोराबद्दल सांगावं तसं सांगितलं. तिने पर्समधून एक काचेची नळी काढली आणि बाहीवरचं थोडं ठेवून घेऊ का, असं विचारलं.

"ते तर आता तुमचंच आहे," तो म्हणाला. ती अशी हसली की तिचा स्टॉप मागे गेला.

ती एका संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. आंबवलेल्या पदार्थांमधल्या उपकारक जिवाणूंच्या मागे तिने सगळी उमेदीची वर्षं घातली होती, आणि घरचे तिला जंतूताई म्हणायचे. कॉलेजात असताना तिने दह्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. चमच्याच्या टोकावर अख्ख्या शहराहून मोठी वस्ती... ना गाजावाजा, ना कौतुकाची अपेक्षा, नुसतं काम. त्या दिवशी बसलेला आश्चर्याचा धक्का अजून ओसरला नव्हता. अजूनही नवी नळी हातात घेतली की ती मनातल्या मनात हात जोडायची.

अमक्याच्या हाताला चव आहे, असं आपण सहज म्हणतो. तिचं म्हणणं, हे शब्दशः खरं आहे. ती चव हातावर वस्ती करून राहिलेल्या जिवाणूंची असते आणि मळताना ते पिठात उतरतात. संस्थेतले लोक यावर गालात हसायचे. संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं की या वर्षी सिद्ध कर, नाहीतर विषय सोड.

रीत साधी होती. पीठ तेच, पाणी तेच. एक गोळा बेकरीवाल्यांनी मळायचा, दुसरा तिने. त्यांच्या गोळ्यात जो जिवाणू सापडेल तो तिच्या गोळ्यात नसला, तर तो हाताचाच. त्यासाठी तिचे हात कोरे राहायला हवे होते. काम सुरू करतानाच तिने स्वतःच्या तळहातावर कापसाचा बोळा फिरवून तो नमुना गोठवून ठेवला होता, आणि बेकऱ्यांमध्ये ती हातमोज्यांशिवाय कशालाही शिवत नसे.

बसमधल्या त्या आंबवणात एक जिवाणू असा निघाला, जो दुसऱ्या कुठल्याच बेकरीत नव्हता. त्याने मळलेल्या गोळ्यातही तोच सापडला. मग काय, तिच्या संध्याकाळी तिथेच जाऊ लागल्या. गल्ल्यावर त्याची आत्या बसायची. नमुना एवढासा आणि गप्पा एवढ्या, असं ती सुटे पैसे मोजता मोजता पुटपुटायची.

एकदा ती सूक्ष्मदर्शक घेऊन आली. त्याने डोळा लावला आणि बराच वेळ मान वर केलीच नाही.

"हे सगळे... माझ्याकडे राहतात?"

"पिढ्यान्‌पिढ्या."

"आणि मी आज पाहतोय यांना." त्याचे डोळे भरून आले होते. मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही मला तुमचं जग दाखवलंत. माझं दाखवायचं तर... ते मोज्यांतून कळायचं नाही."

नियम तिला पाठ होता. तरी तिने मोजे काढले. कोमट, मऊ पीठ, तिचे हात आणि त्यावर त्याचे हात. आत्या उगाचच डबे वाजवत राहिली. घरी जाऊन तिने साबणाने खसाखसा हात धुतले. दुसऱ्या दिवशीही मोजे पर्समध्येच राहिले, आणि त्यानंतरही.

शेवटचा नमुना घेतला त्या दिवशी त्याने खाली बघत विचारलं, "नमुने संपले... म्हणजे आता येणार नाही तुम्ही?"

"अहवाल द्यायला येईन," ती म्हणाली. आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या आठवड्यात तिने प्रयोगशाळेत स्वतःचा गोळा मळला आणि आंबल्यावर तपासला. त्यात तोच जिवाणू होता. मुसळ केरात गेलं. तो पिठातूनच येत असेल, तर हाताचं काहीच नाही, सगळी वर्षं पाण्यात. ती स्टुलावर मटकन बसली आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिली... बघतच राहिली. मग उठली. तळहातावर नवा बोळा फिरवला आणि तो नि जुना गोठवलेला नमुना शेजारी-शेजारी दोन काचेच्या प्लेटांवर वाढायला ठेवले.

जुन्या प्लेटवर तो नव्हता. नव्या प्लेटवर मोत्यासारखे ठिपके दाटीवाटीने उगवले होते. एवढे घासून धुतलेले हात, तरी ते गेले नव्हते. जे तिला स्वतःशीही बोलता आलं नव्हतं, ते तिच्या हातावर केव्हाच नांदायला आलं होतं.

मोठ्या बाईंना तिने मोज्यांचं खरं काय ते सांगितलं आणि मान खाली घातली. त्यांनी बाह्या वर केल्या, तेच पीठ मागवलं आणि स्वतः मळलं. तो गोळा आंबला, तपासला, आणि त्यात तो जिवाणू नव्हता.

"पीठ निर्दोष आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला? तुझं म्हणणं खरं ठरलं. आता हा तुझ्या हातावर कसा आला, ते अहवालात लिहावं लागेल."

"संपर्क," ती कशीबशी म्हणाली.

"कसला?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ठरलेलं नसेल तर आधी ठरवून ये."

ती बेकरीत पोचली तेव्हा तो टेबलावर पीठ मळत होता. अहवाल आणला का, असं त्याने कोरड्या आवाजात विचारलं. तिने प्लेट त्याच्यासमोर ठेवली.

"हे तुमचे. माझ्या हातावर सापडले."

तो कधी प्लेटकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. "धुतल्यावर... जातील."

"नाही जात. आणि मला जायला नकोयत." तिने श्वास घेतला. "मी तुमचा हात मागायला आलेय."

"नमुन्यासाठी?"

"नाही... कायमचा."

त्याने घाईघाईने हात पुसायला फडकं उचललं. मग थांबला. फडकं बाजूला ठेवलं आणि पिठाने माखलेला हात तसाच पुढे केला.

"असाच घे," तो म्हणाला.