मंगळवारचा राखीव

चष्म्याचा स्क्रू पडायला मुहूर्त लागत नाही. तिचा पडला तो नेमका मंगळवारी सकाळी, सरकारी इस्पितळात ऑपरेशनच्या तारखा देणाऱ्या खिडकीत, समोर ही एवढी रांग असताना. काडी एका हातात, चष्मा दुसऱ्या हातात आणि डोळ्यांसमोर सगळा धुरळा.

"हलू नका," बाहेरून कुणीतरी म्हणालं. "स्क्रू तुमच्या बाहीवर आहे."

त्याने खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. तरी स्क्रू त्याच्या चिमटीतून दोनदा निसटला.

"हात रुसलाय जरा," तो म्हणाला. "म्हणून तर तुमच्या दारात आलोय."

"दार नाही, खिडकी आहे ही."

"चालेल... खिडकीतून तुम्ही दिसता तरी."

चष्मा चढवल्यावर तिला पहिलं काय नीट दिसलं असेल, तर त्याचं हसू. आता यात तिचा काय दोष?

त्याच्या मनगटातली नस दबली होती. अंगठा बधिर व्हायचा, रात्री कळा यायच्या. पण इस्पितळाचा हिशेब सरळ होता. ज्यांच्या जिवावर बेतलंय, ते आधी. ज्यांना फार थांबणं परवडणार नाही, ते त्यांच्यामागे. नुसता त्रास होतोय, ते शेवटी. हात शेवटच्यांत. मंगळवार हातांचा. त्यातही ऐन वेळी कुणाला ताप भरला तर टेबल रिकामं राहू नये, म्हणून दोघा-तिघांना राखीव ठेवायचे. राखीव माणसाने उपाशीपोटी यायचं आणि बाकावर बसायचं. जागा झाली तर आत. नाहीतर दुपारी ती खिडकीतून सांगायची, "आज नंबर लागत नाही. जेवून घ्या."

पहिल्याच मंगळवारी हे ऐकून तो जागचा हलला नाही. एकट्याने जेवायची सवय नाही म्हणाला. शुद्ध थाप! एकटाच तर राहायचा. पण ती उठली आणि कँटीनमध्ये गेली त्याच्याबरोबर. चहा, पाव, दोन उकडलेली अंडी. तिचं अंडं त्याने सोलून दिलं, एक ओरखडा न उठवता, आणि बशी अशी पुढे सरकवली की जशी काय मेजवानीच.

मग दर मंगळवारी तेच. तो उपाशी यायचा, ती डबा आणायची बंद झाली. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर विचारायच्या, मंगळवारी तुझ्या कपाळावरची आठी कुठे जाते गं? ती लाजायची. आणि मनात नको तो विचार यायचाच... आजही कुणाला ताप न येवो.

एका मंगळवारी आतला पेशंट सकाळीच चहा पिऊन आला. घोटभरच, म्हणाला. घोटभर असला तरी त्याला भूल देता येईना. टेबल रिकामं झालं. राखीव बाकावर दोघे होते. पहिला तो, मग एक म्हातारे गवंडीकाका.

"पाठव कुणाला तरी," सिस्टर म्हणाल्या आणि डोळे मिचकावले. "मजा आहे बाई आज तुझ्या माणसाची."

थट्टाच होती ती. पण कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिने आधी मागे वळून पाहिलं. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्याने मेहुण्याला रांगेतून पुढे काढलं होतं. त्याचं नाव लोक अजून चघळत होते, जिभेला काय हाड असतं? दुधाने पोळलेलं इस्पितळ ते, तिने ताकही फुंकून प्यायलं. तो तिच्याकडेच बघत होता. तिने नजर चुकवली आणि गवंडीकाकांना हाक मारली.

पुढच्या मंगळवारी त्यालाच पाठवू, असं तिने ठरवलं होतं. पण पुढच्या मंगळवारी मोठा अपघात झाला, जखमींनी सगळी टेबलं भरली आणि हातांची ऑपरेशनं बंद झाली ती कितीतरी आठवडे. शेवटी त्याचा नंबर लागला तेव्हा कळा थांबल्या, पण अंगठ्यात जोर आला नाही. सर्जनबाईंनी अंगठ्याखालचा खळगा दाबून पाहिला. थोडं आधी व्हायला हवं होतं, म्हणाल्या, आता बारीक काम जमणार नाही. फाइल घेऊन ती शेजारीच उभी होती.

त्या दुपारी कँटीनमध्ये अंडं तिने सोललं. तुकडे तुकडे करून.

"त्या दिवशी नंबर तुझा होता," ती म्हणाली. "गवंडीकाकांचा नाही... तुझा."

"माहीत आहे."

तिचा हात थांबला.

"बाकावर बसणाऱ्याला आपल्यापुढे कोण आहे हे कळत नाही होय गं? मला वाटलं... तुला मंगळवार सोडवत नाही. हात बरा झाला की हा कशाला येतोय, अशी भीती वाटली असेल तुला." तो हसला. "इतका खूश झालो होतो त्या दिवशी. वाटलं, राहू दे हात आणखी थोडे दिवस असाच."

नुसतं "हो" म्हटलं असतं तर भागलं असतं. तिला ते कळत होतं. पण ज्याचा अंगठा गेला, त्याच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"तसं नव्हतं रे. सिस्टर बोलल्या... लोक म्हणतील, आपल्या माणसाला पुढे काढलं. म्हणून."

त्याने पुढ्यातली बशी बाजूला सारली.

"म्हणजे मी तुमचा कुणी नसतो, तर त्या दिवशी आत गेलो असतो."

ते "तुमचा" तिला चटका देऊन गेलं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. इतके मंगळवार ओठांवर आलेलं, आणि निघालं ते असं.

"तेही माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही तुमच्यासाठी मला मागे ठेवलं असतंत ना, तर मी दुकान बंद करून आनंदाने तुमच्यासमोर बसलो असतो. तुम्ही लोकांसाठी ठेवलंत. आणि ते लोक आज आहेत कुठे?"

तो उठला, डाव्या हाताने खुर्ची नीट सरकवली आणि गेला. सोललेलं अंडं त्याच्या बशीत तसंच राहिलं.

मंगळवार येतात. बाकावरच्यांना ती अजून सांगते, आज नंबर लागत नाही, जेवून घ्या. स्वतः घरचा डबा खिडकीतच उघडते. चष्म्याचा तो स्क्रू पुन्हा ढिला झालाय, काडी कानावर ठरत नाही. दुसऱ्या दुकानात जायला मन होत नाही, आणि त्याच्या दुकानात कुठल्या तोंडाने जायचं?