फुलांच्या मुलीचे वाचक

मी चष्मा आणायला निघालो होतो, एवढंच. धाकट्या बहिणीच्या चष्म्याची दांडी मोडली होती. सकाळपासून ती पान नाकाला टेकवून बसली होती आणि मी तिला ‘काय वास येतोय गं, गोष्टीचा?’ म्हणून पिडत होतो. शेवटी ती म्हणाली, “दादा, आता निघ. नाहीतर पुढची दांडी तुझी मोडेन.” तेव्हा कुठे चपला घातल्या.

चष्मेवाला आतल्या खोलीत बारीक स्क्रू शोधत बसला होता. काउंटरवर त्याचा फोन पडला होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आता मोकळा फोन आणि मोकळा मी एकत्र आलो की काय होतं, हे आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा.

माझा धंदाच तसा. नाटक कंपनीत विंगेत उभा राहून मी आवाज काढायचो. रडणारं तान्हं, कण्हणारा म्हातारा, लांबून येणारी गाडी, सगळं या एकाच तोंडातून. शाळा चौथीत सुटली. मी सोडली असं मी सांगतो, मास्तर वेगळं सांगायचे. धाकटी मात्र शिकली, इतकी शिकली की परभाषेतली पुस्तकं मराठीत आणायला लागली.

वेल्स म्हणून कुठला तरी डोंगराळ, धुक्याचा मुलूख आहे म्हणे. तिथल्या जुन्या दंतकथेवरून कुणी मुलांसाठी कादंबरी लिहिली, ती हिने दोन वर्षं खपून मराठीत केली. एक जादूगार असतो. त्याच्या एकट्या पडलेल्या पुतण्याला सोबत हवी म्हणून तो रानातली फुलं गोळा करतो आणि त्यांची एक मुलगी बनवतो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी ती डोळे उघडते.

पुढचं मला विचारू नका. पुढे मी गेलोच नव्हतो.

अक्षर येतं मला, पण एकेक करून उपटावं लागतं, दुखऱ्या दातासारखं. पुस्तक उशाशी होतं. रोज सकाळी मी खूण चार पानं पुढे सरकवायचो आणि धाकटी चहा ठेवता ठेवता हळूच बघून घ्यायची. विचारायची नाही. मीही “वाचतोय बरं का, रंगत येतेय” असं म्हणून बशीत तोंड घालायचो.

तर पुस्तकाच्या शेवटी एक फोन नंबर छापला होता: ‘वाचून काय वाटलं ते आमच्याशी बोला.’ फोन उचलायला कुणी नाही, आपलं मत बोलायचं आणि ठेवून द्यायचं. रोज संध्याकाळी धाकटी तो फोन टेबलावर घेऊन, आलेली मतं लावून ऐकायची. एक दिवस वीज कंपनीच्या माणसाने चुकून फोन केला होता, तोही तिने दोनदा ऐकला. बाकी सगळं गप्प. प्रकाशकाने (याला आम्ही गुळगुळीतराव म्हणतो, बोललेलं काही हाताला लागत नाही) सांगून ठेवलं होतं की वाचक बोलले नाहीत तर उरलेल्या प्रती रद्दीला जातील, आणि पुढच्या पुस्तकाचं मग बघू.

चष्मेवाल्याचा फोन मी उचलला आणि घसा बारीक केला.

“मी तिसलीत आहे. मला फुलांची मुलगी खूप आवल्ली. ती दोले उघलते ना, तेव्हा मला वातलं, आता ही कुनाला हाक मालेल...”

तेवढ्यात आतून चष्मेवाला ओरडला, “काका, दांडी बसली बघा!” मी पटकन फोनवर पंजा दाबला.

त्या संध्याकाळी धाकटीने ते मत ऐकलं. नव्या दांडीचा चष्मा वर सरकवून पुन्हा ऐकलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला वाटलं, चला, बहिणीचं भलं झालं.

मग काय, मी सुटलोच. न्हाव्याच्या फोनवरून खोकणारे पेन्शनर मास्तर झालो. शिंप्याच्या फोनवरून नाकात बोलणारी बाई झालो, तिचा मुलगा म्हणे पुस्तक घेऊनच जेवायला बसतो. एकदा तर औषधाच्या दुकानातून जुळे भाऊ झालो, एकमेकांचं वाक्य तोडत. सगळ्यांना आवडायचं ते मात्र एकच: ती डोळे उघडते तो प्रसंग. दुसरं आणणार कुठून? धाकटी एकदा म्हणालीसुद्धा, “सगळ्यांना सुरुवातच कशी रे आवडते?” मी म्हणालो, “सुरुवात दमदार आहे ना!”  आणि बशीत आणखी चहा ओतला.

मग गुळगुळीतरावांनी बातमी दिली. वाचक मेळावा! ज्यांनी मतं दिली त्या सगळ्या नंबरांवर निमंत्रण गेलं होतं. न्हावी मला विचारत होता, “काका, मला कसला मेळावा? मी शेवटचं पुस्तक वाचलं ते गाडी चालवायच्या परीक्षेचं.” मी म्हणालो, “चुकून आलं असेल.”

ती दुपार सांगतो.

वाचनालयाची वरची खोली. खाली कुलपांचं दुकान, मधे लाकडी जिना. खिडक्यांवर उन्हाने पिवळे पडलेले पडदे, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. धाकटीने इस्त्रीचे कपडे घातले होते, केस नीट बसवले होते. समोर रिकाम्या खुर्च्या. गुळगुळीतराव सारखे घड्याळ बघत होते. मी कारणं जुळवत बसलो होतो: मुलांची परीक्षा असेल, मास्तरांचा खोकला वाढला असेल. धाकटी जिन्याकडे बघायची, मग हसून माझ्याकडे. त्या हसण्यासमोर मला बसवेना. वाटलं, उठावं, सांगून टाकावं. पण गुळगुळीतरावांसमोर? नको, घरी सांगू.

तेवढ्यात जिना वाजला.

हलकी पावलं. पाठोपाठ एक खोकला. तो खोकला मी ओळखला... कसा नाही ओळखणार? शेवटी घशात गुरगुरून थांबायची ती लकब मी एका म्हाताऱ्या नटाकडून उचलली होती.

ते आले आणि बसले. छोटी मुलगी, मास्तर, नाकात बोलणारी बाई, जुळे. खोलीत वास पसरला, फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा. खोलीत फुलदाणी नव्हती. त्यांना चेहरे होते, नव्हते असं नाही. पण त्या मुलीवरून नजर काढली की ती कशी दिसते हे मला आठवायचं नाही. पुन्हा बघावं, पुन्हा पुसलं जायचं. आवाज मी मन लावून केले होते, चेहऱ्याचा विचार कधी केलाच नव्हता.

“ये गं बाळा,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज आनंदाने कापत होता. “तूच ना ती तिसरीतली? सांग, काय आवडलं?”

मुलगी उभी राहिली. “मी तिसलीत आहे. मला फुलांची मुलगी खूप आवल्ली. ती दोले उघलते ना, तेव्हा मला वातलं, आता ही कुनाला हाक मालेल...”

शब्दाला शब्द. श्वाससुद्धा माझ्याच जागी. मग तिचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि त्यातून जाड, पुरुषी आवाज आला:

“काका, दांडी बसली बघा!”

गुळगुळीतराव मोठ्याने हसले. धाकटी हसली नाही. तिचा हात आपोआप चष्म्याकडे गेला, दांडीवर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

चष्मा काढून तिने पदराने पुसला, पुन्हा घातला आणि अगदी शांतपणे मास्तरांना विचारलं, “तळ्याच्या प्रकरणात ती पुतण्याला जे विचारते, ते कसं वाटलं तुम्हाला?”

मास्तर खोकले. 

“तुम्हाला?” तिने बाईंना विचारलं.

“तिथपर्यंत...” बाई नाकातून म्हणाली, “तिथपर्यंत आम्हाला नेलंच नाही.”

“पुढे नाही...” एक जुळा म्हणाला.

“...दिलंच नाही,” दुसरा.

आणि मग सगळ्यांच्या माना वळल्या. हळूहळू, झाडं वाऱ्याने एका बाजूला कलतात तशा. माझ्याकडे.

“काका,” मुलगी म्हणाली, “ती दोले उघलते... मग?”

आयुष्यभर मी लोकांचे आवाज काढले. त्या दिवशी माझ्या तोंडातून हवासुद्धा निघेना.  भीती होती, खोटं नाही बोलत, पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट शेजारच्या खुर्चीवर बसली होती, चष्म्याच्या दांडीला धरून.

“वा, काका!” गुळगुळीतरावांनी टाळी वाजवली. “नट कुठून आणलेत हो? झकास बसवलंय!”

धाकटी उठली आणि जिना उतरून गेली. मी तिच्यामागे पळालो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. एकही.

घरी तिने दिवा लावला, टेबल पुसलं, माझ्यासमोर चहा ठेवला. रोजच्यासारखाच. 

“नट किती घेतात रे?” तिने विचारलं.

“नट नव्हते गं ते.”

“असू दे.” ती तिकडे तोंड करून बोलत होती. “आवाज तुझेच आहेत हे मला दुसऱ्या फोनलाच कळलं होतं. त्या मास्तरांचा खोकला तू शेजारच्या लग्नातही काढला होतास. एक ती तिसरीतली तेवढी खरी वाटली होती, आज दांडीचं ऐकेपर्यंत. मी ऐकत राहिले. वाटलं, इतकं बोलतोय तर वाचत असेल. रोज वाट बघायची, आज तरी तळ्यापर्यंत पोचेल. खूण तर पार शेवटाला गेली होती तुझी.”

मी बशी बाजूला सरकवली.

“मला गावाचं मत नको होतं, दादा. ज्याच्या मांडीवर बसून मी गोष्टी ऐकल्या त्याचं हवं होतं. एकट्याचं. आवडलं नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं.”

“वाचतो,” मी म्हणालो. “आजपासून. शपथ.”

“नको शपथ घेऊस,” ती म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून वाचतोय. खूण काढून टाकली, पहिल्या पानापासून सुरू केलं. मला मनात वाचता येत नाही, बोट ठेवून मोठ्याने वाचावं लागतं. जेवण झालं की माझ्या खोलीत, दार लोटून. तळ्याच्या प्रकरणात ती मुलगी पुतण्याला विचारते, “तुला सोबत हवी होती म्हणून मला केलं. मला काय हवं होतं?” हे वाचून मी थांबलो, बोट ओळीवर तसंच, आणि खिडकीपलीकडे कुणीतरी अगदी हळू म्हणालं, “मग?”

मी पुढे वाचलं. काय करणार?

दुसऱ्या दिवशी ते ‘मग’ खिडकीच्या आतून आलं. नंतर पलंगाच्या पायथ्याशी. सगळे बसलेले असतात. मी वर बघत नाही. पाण्याचा वास येतो, मास्तर खोकला दाबतात आणि मी वाचतो. चुकलो की जुळे थांबून राहतात, पुन्हा नीट वाचेपर्यंत. आता ती तिसरीतली मुलगी मान पुढे करून पानात बघते. तिचे केस माझ्या मनगटाला लागतात. गार आणि चिकट, देठासारखे.

गोष्टीत आता ती फुलांची मुलगी स्वतःला बनवणाऱ्याला, जादूगाराला, शोधत निघालीय. एकच प्रकरण उरलंय. परवा तिथे मी पुस्तक मिटलं. म्हटलं, डोळे दुखतात.  कुणी उठलं नाही.

आणि काल संध्याकाळी धाकटीने कितीतरी दिवसांनी तो फोन टेबलावर घेतला. मीच म्हणत होतो, राहू दे. एक मत आलं होतं.

पहिल्यांदा नुसता श्वास. मग एक आवाज. बोबडा नाही, नाकातला नाही, खोकला नाही. माझा. सोंग न घेतलेला, कुणाच्या लक्षात नसलेला, माझाच.

“पुस्तक पूर्ण वाचलं,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत. चांगलं केलंस गं, धाकटे. शेवट फार आवडला. जादूगाराचं जे झालं ते अगदी योग्य झालं.”

धाकटी उठली, माझ्या पाठीमागे आली आणि लहानपणी बसायची तशी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. तिचे अश्रू माझ्या मानेवर पडत होते. “वाचलंस,” ती म्हणाली. “शेवटी वाचलंस रे. खरंच पटला ना तुला शेवट? मुलांना फार भयंकर वाटेल असं मला वाटत होतं...”

मी मान हलवली. हो म्हणालो.

आत माझ्या खोलीत मी बनवलेले ते सगळे वाट बघतायत. पुस्तक पलंगावर पडलंय. जादूगाराचं काय झालं, हे घरात फक्त तिला माहीत आहे, आणि हो म्हणून बसल्यावर तिला ते विचारायची आता मला सोय उरलेली नाही.