उत्कर्ष कॉलनीची वेल

महापालिकेच्या जलनिस्सारण प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत एक करडा, बोटाएवढा जाड धागा पडला होता. डॉ. रेवती घैसास यांनी पेटीच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी ओतलं. धागा हललेला दिसला नाही. पण उत्कर्ष कॉलनीच्या शिष्टमंडळाचा चहा येईपर्यंत त्याची एक शाखा पाण्यापर्यंत पोचली होती.

"तुमच्या चहापेक्षा लवकर आली," शिष्टमंडळातले कुलथे म्हणाले.

"ही स्वयंवर्धी पर्जन्यनलिका. आम्ही वेल म्हणतो," डॉ. घैसास म्हणाल्या. "बुरशीच्या जातीची आहे. पाणी साचतं तिकडे जमिनीखालून वाढत जाते, आतून पोकळ होते आणि पाणी नदीकडे नेते. तुमची जुनी विटांची गटारं कुठून जातात ते आज कुणालाच ठाऊक नाही. हिला नकाशा लागत नाही, खोदाईही लागत नाही."

"खोदाई नाही? मग बनसोडेसाहेबांच्या खात्याने करायचं काय?" कुलथ्यांनी विचारलं.

अभियंता बनसोडे हसले नाहीत. समोर यशोधराबाई नाडगौडा बसल्या होत्या. त्यांनी बनसोड्यांना सातवीत भूगोल शिकवला होता, आणि बाईंसमोर हसायची हिंमत त्यांच्यात अजून आली नव्हती.

गटारांचा अर्ज बाईंचाच. आयुक्त येत-जात राहिले. अर्ज तोच राहिला, वरचं नाव तेवढं बदलायचं. दर निवडणुकीला रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला आणि बाईंचं बैठं घर जागचं न हलता रस्त्याच्या दोन पायऱ्या खाली गेलं. पावसाळ्यात दिवाणखान्यात गुडघाभर पाणी. इंदूरचा मुलगा म्हणायचा, घर विक आणि इकडे ये. बाईंनी त्याला कळवलं होतं, हा एक पावसाळा बघते. आपल्या घरातून निघायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा होती.

"एक अट आहे," डॉ. घैसास म्हणाल्या. "यंदा पाणी उपसायचं नाही. ते रात्रभर साचेल तिथेच वेलीला तोंड फुटेल. उपसाल तिथली शाखा वाळेल. दिवाळीपर्यंत तिच्यात चुना धरतो आणि ती दगड होते. मग ती वाढत नाही, आणि तिच्या शेजारी दुसरी रुजतही नाही."

"म्हणजे घरात पाणी येऊ द्यायचं?" कुलथ्यांनी विचारलं.

"एकच पावसाळा. मग कायमची सुटका."

"आणि एकाच घरात साचलं तर?" बाई म्हणाल्या.

"तसं कसं होईल?" डॉ. घैसास म्हणाल्या. " त्रास सगळ्यांनाच आहे."

कॉलनीत वेल रुजवली गेली आणि गणपतीसमोर नारळ फुटला. कुणीही पंप लावणार नाही, अशी शपथ झाली. शपथ कुलथ्यांनीच सांगितली, आवाज त्यांचा चांगला होता.

आषाढात झोडपून पाऊस झाला. एरवी आभाळ गडगडलं की कॉलनीतले पलंग विटांवर चढत. बाईंनी यंदा त्या विटाच अंगणात नेऊन ठेवल्या, पुस्तकं माळ्यावर टाकली आणि जेवणाच्या टेबलावर पाय वर घेऊन बसल्या.

बाकीच्या प्रत्येक घरात एकच विचार झाला. सगळेच पाणी साचू देताहेत, मग आपल्या एका पंपाने काय बिघडतं? शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून पंपावर गोधडी टाकली गेली. उपसलेलं पाणी रस्त्यावर आलं आणि उतार होता तिकडे निघालं.

पाऊस केव्हाच थांबला होता, तरी बाईंकडे पाणी चढत होतं. भूगोलात हे बसेना. मग त्यांना चहूबाजूंनी दबकी घरघर ऐकू आली, आणि बसलं. त्यांनी बनसोड्यांना फोन लावला.

"अरे, सगळे उपसताहेत. मीही पंप आणू का?"

"नको बाई, अट आहे. मी येऊन बोलतो त्यांच्याशी."

बनसोडे आले. कुलथ्यांनी त्यांना व्हरांड्यात बसवून कांदाभजी दिली आणि आतला आवाज मिक्सरचा आहे असं सांगितलं. बनसोड्यांनी भजी खाल्ली आणि ते गेले. बाईंनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी पंप आणला नाही. सूचना पाळायच्या असतात असं त्यांनी चाळीस वर्षं मुलांना सांगितलं होतं.

दिवाळीनंतर डॉ. घैसास स्वतः तपासायला आल्या. वेल उत्तम धरली होती, दगडासारखी झाली होती. साऱ्या कॉलनीत तिला तोंड एकच होतं. बाईंच्या दिवाणखान्यात, दिवाण असायचा तिथे, परातीएवढं.

"मी पाण्याचा स्वभाव तपासला होता," डॉ. घैसास पुटपुटल्या. "नुसताच पाण्याचा."

महापालिकेने ठराव करून तो दिवाणखाना सार्वजनिक पर्जन्यमुख म्हणून घोषित केला. तसं घर घेणार कोण?

जूनमध्ये बाई इंदूरला निघाल्या. बनसोडे पर्जन्यमुखावर बसवायची लोखंडी जाळी घेऊन आले होते. सवयीने त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या.

"बाई, मी तेव्हा..." ते म्हणाले आणि जाळीचा बोल्ट आवळू लागले.

बाईंनी बॅग उचलली, दाराचं एक झडप लोटलं आणि कुलूप हातात घेतलं. तेवढ्यात कुलथे आले. मागे सगळी कॉलनी होती. प्रत्येकाने बाईंसाठी काहीतरी डब्यात आणलं होतं.

"फार वाईट वाटतंय हो बाई," कुलथे म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं. "पण कुलूप तेवढं नका लावू. आभाळ भरून आलंय."

बाईंनी बनसोड्यांकडे पाहिलं.

"भजी कशी होती रे?"

"चांगली होती, बाई," बनसोडे मान खाली घालून म्हणाले.

बाईंनी कुलूप पर्समध्ये टाकलं आणि लोटलेलं झडप पुन्हा पूर्ण उघडलं.